यवतमाळात तुमचं कोण?

लग्नाच्या कामाला माणसं ठरवताना लोक आधी भाव विचारतात. गौरी आधी विचारायची, "यवतमाळात तुमचं कोण?" फोटोवाला असो, गुरुजी असो की आचारी, समोरच्यानं "साडू आहे ना, बसस्टँडमागे राहतो" असं म्हटलं की ती आभार मानून फोन ठेवायची. आणि आपल्या जिल्ह्यात यवतमाळात ज्याचं कोणीच नाही असा माणूस शोधणं म्हणजे बाभळीवर आंबे शोधणं.

कारण साधं होतं. एकोणतीस वर्षांची, यवतमाळच्याच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी ही बाई पळून जाऊन लग्न करणार होती, तेही रीतसर, हार, फोटो, जेवण, मंगलाष्टकांसकट. नवरा मुलगा राजकुमार घाटंजी तालुक्यात कृषी सहायक होता. त्याच्या फिरतीच्या वाटेवर सागाच्या जंगलाला लागून एक तलाव होता, फेब्रुवारीत तिथला पळस फुलतो, म्हणून जागा ती ठरली. चोरून करायचंच आहे तर निदान चांगलं दिसू दे, असं गौरीचं म्हणणं.

चोरून करायचं, कारण दोन वर्षांपूर्वी तिनं राजकुमारचं नाव वडिलांसमोर एकदा काढलं होतं. श्रीकृष्णराव निवृत्त नायब तहसीलदार. मुलगा बंजारा तांड्यातला म्हटल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, चष्मा पुसला आणि "हा विषय या घरात पुन्हा नको" एवढंच म्हणाले. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, घरात बाप-लेक दोघंच. गौरीनं तो हुकूम पाळला. पुन्हा विचारायची तिची हिंमत नव्हती, हे खरं. नकारानंतरही सकाळी त्याच टेबलाशी पोहे खायचे असतात, आणि ते एकदा केलेलं पुरे होतं.

राजकुमारच्या घरीही अडलंच होतं. त्याचे वडील डोंगरसिंग म्हणाले होते, "पोरीचा बाप आला त आमी येऊ. नाही त लोक म्हनतीन, तांड्यावाल्यानं पोरगी पळवली." म्हणजे त्याच्याकडून येणार आत्या जमनाबाई आणि बहीण बबिता. गौरीकडून कोणीही नाही. कोणाला सांगितलं असतं तर ते तासाभरात वडिलांपर्यंत पोचलं असतं आणि लग्नाचा रविवार उजाडलाच नसता.

तर अशी निवड चालली. यवतमाळातला तो प्रसिद्ध फोटोवाला बाद, त्याची पुतणी तिच्या वर्गात. आईच्या वेळेपासून घरच्या कार्यांना येणारा आचारी बाद, तो तर भाजीत शेंगदाण्याचा कूट गौरीला किती चालतो हेही जाणून होता. शेवटी फोटोला मारेगावचा नयन ठरला. त्यानं विचारलं, फॅमिली फोटोला किती वेळ धरू? गौरी म्हणाली, धरूच नका. नयनच्याच गाडीतून येणारे अभिषेक गुरुजी वयानं लहान आणि चौकशीला त्याहून कमी. जेवणाला महागावकडचा उकंडा. पंचवीस ताटांच्या खाली मी चूल पेटवत नाही, तो म्हणाला. येणार सहा-सात. गौरीनं पंचवीस सांगून टाकली. एकेकाच्या नावापुढे खूण करताना तिच्या लक्षात आलं की आपण आपल्या लग्नाला हुडकून हुडकून परकी माणसं गोळा केली आहेत. त्या दिवशी तिला स्टाफरूममध्येच रडू आलं, आणि तिनं खडूच्या धुळीवर ढकललं.

फुलांना घाटंजीच्या बाजारातली पंचफुला. या दिवसांत हाराला निशिगंधच मिळतो, ती म्हणाली. गौरीला निशिगंधानं लहानपणापासून शिंका येतात, पण अर्ध्या तासाचा प्रश्न, काढू म्हणून तिनं निशिगंधाचेच दोन हार सांगितले. पंचफुलानं उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा फाडला आणि नंबर मागितला. गौरीनं घडाघडा सांगितला, पुठ्ठा टोपलीखाली गेला, आणि ती निघाली.

त्यानंतरचे आठ दिवस घर नेहमीसारखंच होतं. म्हणजे गौरीला तसं वाटलं. वडील जरा जास्त बोलत होते एवढंच. मंगळवारी म्हणाले, रविवारी मी घरीच आहे, कुठे जाणार नाही. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी त्यांनी आपला बंद गळ्याचा कोट लाँड्रीतून आणून दारामागच्या खुंटीला लावला. गौरीनं विचारलं, कुठे लग्न आहे का?

"आमंत्रण आलं तर जाईन," ते म्हणाले.

गौरी मनात हसली. वडिलांचा हा हट्ट गावभर माहीत होता. घरी येऊन हातावर अक्षत ठेवल्याशिवाय ते कोणाच्या लग्नाला जात नसत. सख्ख्या पुतण्यानं, मंदारनं, फोनवर पत्रिका पाठवली, तर त्याच्या लग्नाच्या दिवशी हे घरी बसून पेपर वाचत होते. आताही कोणीतरी अक्षत द्यायला विसरलं असणार, असं तिला वाटलं. रविवारी सकाळी तिनं जादा प्रॅक्टिकलचं निमित्त सांगितलं. वडिलांनी पाण्याची बाटली भरून हातात दिली, तिकडचं पाणी चांगलं नसतं म्हणाले. कॉलेजचं पाणी चांगलं का नसेल, हा प्रश्न तिला घाईत पडलाच नाही.

तलावावर सगळं तिनं ठरवलं तसंच होतं. पळस फुललेला, पाणी निळं, उकंडाची मोठी कढई आलू-वांग्याच्या भाजीनं भरलेली. जमनाबाईनं गौरीची हनुवटी धरून पाहिलं आणि विचारलं, "तुह्याकडून कोन हाय वं बाई?" गौरी कढईकडे बघत राहिली.

पावणेअकराला पंचफुला आली. तिनं ओल्या फडक्यातून हार काढले. पिवळ्या शेवंतीचे. गौरी म्हणाली, मी तर निशिगंधाचे सांगितले होते.

"तुमच्या बाबानंच त नाही म्हनलं," पंचफुला म्हणाली. "म्या हार केवढे करू हे इचाराले फोन लावला, त त्याहीनं उचलला. म्हने, कोनाचं लगन? म्या सांगतलं, गौरी मॅडमचं. मंग लय येळ बोललेच नाही. मले वाटलं फोन कटला. मंग म्हने, निशिगंध नोका घालू, तिले शिंका येतात."

तेव्हा गौरीला कळलं. शाळेचा फॉर्म, गॅस, लायब्ररी, शिंपी, आईची औषधं, आयुष्यभर जिथं कोणी नंबर मागितला तिथं तिनं एकच नंबर सांगितला होता. घरातला पहिला मोबाईल वडिलांचा, तोच तोंडी बसलेला. स्वतःचा नंबर तिला आजही फोनमध्ये बघून सांगावा लागे. साऱ्या जिल्ह्यातून अनोळखी माणसं वेचून काढणाऱ्या या हुशार बाईनं पत्ता थेट बापाच्याच हातात दिला होता.

"कधी, कुठं, तेही विचारलं का?" तिनं कसंबसं विचारलं.

"इचारलं ना. म्या सगळं सांगतलं. बरं म्हने. आले नाही काय अजून?"

गौरी पळसाखाली गेली आणि तोच नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"आठ दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"विषय मी बंद केला होता. मी तो कोणत्या तोंडानं काढू? तू काढशील म्हणून घरी बसून होतो."

तासाभराचा रस्ता होता. गौरी म्हणाली, आत्ता या, आम्ही थांबतो, मुहूर्त गेला तर जाऊ दे.

"फोनवरच्या आमंत्रणाला मी जात नाही, गौरी." आवाजात राग नव्हता, थकवा होता. "शिंका आल्या का?"

"नाही."

"बरं. मुहूर्त चुकवू नको." त्यांनी फोन ठेवला.

लग्न लागलं. अंतरपाट उकंडानं आणि बबितानं धरला. मुलीच्या मागे मामा उभा राहतो, गौरीच्या मागे पंचफुला उभी राहिली. गुरुजींच्या "सावधान"ला सहा जणांनी अक्षता टाकल्या, त्या अंगावर पडल्यासारख्याही वाटल्या नाहीत. राजकुमारनं तिचा हात घट्ट धरला होता. तो चांगला माणूस होता आणि ती त्याच्यावर मनापासून प्रेम करत होती, तरी आयुष्यात इतकं एकटं तिला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा शेजारी बाबा होते.

जेवणं झाली. अठरा-एकोणीस माणसांचं अन्न तसंच उरलं, जमनाबाईनं ते तांड्यावर न्यायला डब्यांत भरायला लावलं. अक्षतांचं ताटही जवळपास भरलेलंच होतं. गौरीनं त्यातली एक मूठ घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. जमनाबाईनं विचारलं, हे कायले? एका घरी अक्षत द्यायची राहिली, गौरी म्हणाली.

"लगन त लागलं वं बाई. आता कायचं आवतन?"

गौरीनं राजकुमारला गाडी यवतमाळकडे घ्यायला सांगितली आणि गाठ मुठीत धरून बसली. दारामागचा कोट बाबांनी अजून कपाटात ठेवलेला नसू दे, एवढंच ती वाटभर मनात म्हणत राहिली.