चौकीत वाटलेले पेढे

तर झालं काय, अंबडच्या कंपनीत लेथ चालवणारा आपला महेश, त्याला भरल्या ताटावरून पोलिसांनी उचललं. चोर दुसराच, त्याची गाडी तेवढी महेशच्या गाडीसारखी लाल! "चोरीच्या वेळी मी ड्युटीवर होतो, कंपनीत एक फोन लावा," तो सांगतोय, पण ऐकतंय कोण? रात्रभर कोठडीत. सकाळी "चुकून झालं, जा" म्हणून सोडला.

पोरगं सुटलं म्हणून वडील, नाथाभाऊ, पेढे घेऊन चौकीकडे निघाले. जिन्यात वरच्या मजल्यावरची आभा वकील भेटली.

"कुठे निघालात, काका?"

"साहेबाचं तोंड गोड करायला. पोराला सोडलं ना त्यांनी."

"आणि धरलं कोणी होतं?"

"त्यांनीच."

"म्हणजे चूक त्यांची, पेढे तुमचे?"

नाथाभाऊ हसले आणि गेले. साहेबांनी दोन पेढे खाल्ले. इकडे कंपनीने महेशला गेटवरच अडवलं. पोलिसांचं लेखी आण, मगच आत. नाथाभाऊ परत चौकीत! तेच साहेब म्हणाले, "लेखीबिखी काही मिळत नसतं."

संध्याकाळी बापलेक आभाच्या दारात.

"केस टाकू," ती म्हणाली.

"नको बाई. ह्याला धरून नेणारा हवालदार यादव आपल्या नांदगावचाच हाय. गरिबाच्या पोटावर पाय नको."

"काका, कंपनीच्या टेम्पोने कुणाला उडवलं, तर भरपाई एकट्या ड्रायव्हरकडेच मागतात?"

"नाय. मालकाकडे पण."

"मग वर्दी सरकारची, जीप सरकारची, कोठडीही सरकारची. निस्तरायचं कोणी?"

"पण सरकारवर केस म्हणजे देवावर केस टाकल्यागत हाय."

"देव मतं मागायला दारात येत नाही, काका."

महेश खो खो हसला, कोठडीतून आल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्याकडे बघत नाथाभाऊ म्हणाले, "टाक केस."

वेळ लागला, खेटे पडले, पण निकाल लागला. माणसं सरकारची, तर त्यांच्या चुकीची भरपाईही सरकारचीच, असं कोर्टाने ठणकावलं. साहेबांची चौकशी लागली. महेश निर्दोष असल्याचं लेखी मिळालं आणि कंपनीचं गेट उघडलं.

नाथाभाऊंनी पुन्हा पेढे आणले, या वेळी गल्लीत वाटायला. कोपऱ्यावर यादव मान खाली घालून चालला होता. त्याच्याही हातावर एक ठेवला. "घे रे. भांडण तुझ्याशी नव्हतंच."

मंडळी, सरकार आपलं आहे, म्हणून तर त्याला जाब विचारायचा. हक्काची सुटका झाली की आभार कसले मानायचे? आधी विचारायचं, धरलं का होतं?