एक्केचाळीस नंबर अजून आत आहे

वाचकरावांना जाऊन अकरा महिने झाले तेव्हा शिंपीणबाईंनी त्यांचा लोकरीचा कोट उसवायला घेतला. चांगलं कापड कपाटात कुजत ठेवणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. लेकीला त्यातून एक जाकीट आरामात निघालं असतं. वाचकराव हे नाव बाईंनीच नवऱ्याला ठेवलेलं. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि घरीसुद्धा औषधाच्या खोक्यातला कागद ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकशी बरोबरची खूण करत.

अस्तर उसवलं तर आत एक चोरखिसा. टाके ढोबळ, वाकडेतिकडे, तपकिरी कापडाला निळा दोरा. "कुणी शिवलाय हा? टाका आहे का थट्टा!" बाई पुटपुटल्या. त्या घरातल्या कपड्याला चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. खिशातून पितळेचा एक बिल्ला निघाला. वर भोक, खाली आकडा, एक्केचाळीस.

बाईंनी तो लगेच ओळखला. सव्वीस वर्षांपूर्वी दोघं तीन दिवसांसाठी डोंगरातल्या त्या छोट्या शहरात गेले होते. तिथल्या संग्रहालयाची एक पद्धत होती. दारात लाकडी फळी, फळीला खिळे, खिळ्यांना बिल्ले. आत जाताना एक घ्यायचा, निघताना आपल्या हातानं परत अडकवायचा. सगळे खिळे भरले म्हणजे आत कुणी उरलं नाही, मगच दाराला कुलूप. खोल्या पाच होत्या, आणि वाचकराव दुसऱ्याच खोलीत एकेक पाटी वाचत उभे. खाली बस सुटायला आलेली. बाईंनी त्यांना बाहीला धरून अक्षरशः ओढत बाहेर काढलं होतं. "फुटकी मडकी ती, पळून जाणार आहेत का कुठं? पुढच्या वर्षी येऊ!"

पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. आधी शिवणाची घाई, मग लेकीचं शिक्षण, मग बाईंचे गुडघे. दर उन्हाळ्यात वाचकराव म्हणायचे, "तीन खोल्या राहिल्यात गं," आणि बाई म्हणायच्या, "जाऊ हो." शेवटच्या दुखण्यातही ते एकदा म्हणाले. तेव्हा बाई थर्मामीटर झटकत होत्या. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या "हं"नं त्यांची अकरा महिने झोप उडवली होती. आता निदान बिल्ला परत करावा आणि राहिलेल्या तीन खोल्या त्यांच्या वाटच्या आपण वाचाव्यात, असं त्यांनी ठरवलं.

लेक सोबत आली. घड्याळाचा मनोरा, रोपवे, लाकडी बाहुल्यांचं घर, सगळं तिला एका दिवसात उरकायचं होतं. पोरगी आईवर गेली होती.

संग्रहालयात पोचायला चार वाजले. दारातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं बाईंच्या तळहातावरचा बिल्ला बघितला आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. फळीवर एक्केचाळीसचा खिळा रिकामा होता, गंजून काळा पडलेला.

"आलात एकदाच्या," तो म्हणाला. "ताई, खिळा रिकामा म्हणजे माणूस आत, असा इथला नियम. रोज पाचला घंटा करायची आणि खोल्याखोल्यांतून नंबर पुकारायचा. आधी माझे सासरे पुकारायचे, आता मी पुकारतो."

लेक फसकन हसली. पहारेकरी हसला नाही.

"त्रास काही नाही हो त्यांचा. पाट्यांवर खुणा करतात तेवढंच. आम्ही पुसतो, ते परत करतात. तेवढा अडकवून टाका, म्हणजे ते निघतील. मलाही आता जिने चढवत नाहीत."

"जाताना अडकवते," बाई कशाबशा म्हणाल्या, आणि स्वतःसाठी अठरा नंबर उचलला.

पहिल्या खोलीतली मडकी तशीच होती. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक खूण. दुसऱ्या खोलीत, बाईंनी जिथून ओढलं होतं त्या कपाटापाशी, वाचकरावांनी तेव्हा तिसरी पाटी वाचायला घेतली होती. आता भिंतीच्या टोकापर्यंत खुणा होत्या. तिसऱ्या खोलीत हातमाग, धोटे, जुने अंगरखे. तिथंही सगळीकडे खुणा. लेक कंटाळली. "आई, मी बिल्ला देऊन बाहेर टॅक्सीत बसते. लवकर ये." तिला खुणा दिसल्याच नाहीत की काय, कोण जाणे.

चौथी खोली जुन्या कुलपांची. अर्ध्या भिंतीपर्यंत खुणा होत्या आणि पुढे पाट्या कोऱ्या. बाईंनी शेवटच्या खुणेवरून बोट फिरवलं. बोटाला शिसं लागलं.

तेवढ्यात पलीकडच्या कपाटाआड कुणीतरी घसा खाकरला. वाचकराव खाकरायचे तसाच, दोनदा, दुसऱ्यांदा जरा हळू. बाई कपाटाला धरून पुढे झाल्या. पाठमोरे वाचकराव पाटीवर वाकले होते. निळ्या रेघांचा सदरा. कॉलर झिजली म्हणून बाईंनीच ती उलटून शिवलेली, आणि घाईत डाव्या टोकाला रेघ सुतभर चुकलेली. ती चूक जगात त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती. खोलीत इतका गारठा होता की बाईंचे दात वाजायला लागले.

काय काय बोलायचं होतं! तोंडातून निघालं ते सवयीचंच. "अहो, चला ना, उशीर होतोय..."

पेन्सिल थांबली. वाचकरावांचे खांदे आक्रसले, त्या दिवशी आक्रसले होते अगदी तसेच. पाटी अर्धवट सोडून ते मुकाट्यानं वळायला लागले. चाळीस वर्षं ते असेच मुकाट्यानं वळत आले होते, आणि बाईंना ते आज दिसलं.

"नाही, नाही," त्या घाईनं म्हणाल्या. "कुठं जायचं नाही आपल्याला. वाचा तुम्ही. सावकाश वाचा."

खांदे हळूहळू सैल झाले. ते पुन्हा पाटीकडे वळले. पेन्सिल कागदावर करकरली.

पाच वाजले. पहारेकरी घंटा वाजवत जिना चढत होता. बाई त्याच्या शेजारून खाली उतरल्या. फळीपाशी कुणी नव्हतं. त्यांनी पर्समधून एक्केचाळीस काढला, गंजलेल्या खिळ्यापाशी नेला, आणि त्यांना तो चोरखिसा आठवला. ज्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यानं बायकोची पाठ वळल्यावर तो खिसा शिवला असणार, बोटं टोचून घेत, मिळेल त्या दोऱ्यानं. विसरभोळे म्हणून बाई त्यांना जन्मभर हसल्या. तो माणूस बिल्ला मुळीच विसरला नव्हता. बाहीला धरून त्यांनी ओढून नेलं ते नेलं, पण तो मागे राहण्याची सोय करून आला होता.

एक्केचाळीस त्यांनी परत पर्समध्ये टाकला. मग अठराकडे जरा वेळ बघितलं आणि तोही टाकला.

"दोन्ही अडकवलेस ना?" टॅक्सीत लेकीनं विचारलं.

"अडकवले."

"आई, तुझा हात असा बर्फासारखा काय झालाय?"

बाईंनी हात सोडवून घेतला. टॅक्सी वळणावर आली तशी चौथ्या खोलीची खिडकी समोर आली. आत वाचकराव पाटीवर वाकले होते. त्यांच्या शेजारी हिरव्या साडीतली एक बाई उभी होती, चष्मा लावून, तीच पाटी वाचत. शिंपीणबाईंनी मांडीवरच्या स्वतःच्या हिरव्या पदराची घडी नीट केली. त्या दुसऱ्या बाईचे दोन्ही हात पाठीशी होते. तिनं वाचकरावांची बाही धरली नव्हती.

"एक्केचाळीस!" आतून पहारेकऱ्याची हाक आली. मग जरा थांबून, घाबरलेल्या आवाजात, "अठरा!"

कुणी ओ दिली नाही. बाईंनी टॅक्सीची काच वर केली. अजून अर्धी भिंत आणि एक अख्खी खोली राहिली होती.