शेठ बाहेर गेलेत

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि अजून चालू आहे. लोक 'जुना' एवढेच ऐकतात आणि मला भंगारात काढतात, म्हणून पुढचेही एका दमात सांगून टाकले.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळे, जड अंग आणि बोटाने फिरवायची तबकडी. तिथल्या तपासनिसाने मला मुद्दाम टेबलावरून पाडून पाहिले. मला काही झाले नाही, फरशीचा टवका उडाला. पुढे मी खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत, वसुलीच्या टेबलावर आलो. उधारीवर माल नेणाऱ्यांना पैशांची आठवण करून द्यायची, हे आमचे काम. आमचे म्हणजे माझे आणि त्या टेबलावर बसणाऱ्या ताईंचे.

ताई कधी आवाज चढवत नसत. "बघतो" म्हणजे नाही आणि "तुमचे पैसे कुठे पळून जातात का?" म्हणजे विसरा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. मालक कौतुकाने म्हणत, "या डब्यामुळे आपल्या सगळ्यांच्या चुली पेटतात."

मग नवे साहेब आले. त्यांचा संगणक थकबाकीदारांना आपोआप गोड निरोप पाठवू लागला. निरोप जात, पैसे येत नसत. माझ्यावर धूळ साचली. साहेब तर माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवत. मला भयंकर राग येई, पण घंटीच वाजेना, तर ओरडणार कसा?

एका महिन्यात पगाराला पैसे उरले नाहीत. खोकी चिकटवणाऱ्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सर्वांत मोठी उधारी एका शेठची होती. नेमका त्याच दिवशी वायरमन मला काढायला आला.

"एक फोन करते, मग खुशाल ने," ताई त्याला म्हणाल्या.

पलीकडून उत्तर आले, "शेठ बाहेर गेलेत." पाठोपाठ खोकल्याची उबळ. तो खोकला मी ओळखला, ताईंनीही ओळखला. शेठ स्वतःच बोलत होते!

"बरं," ताई म्हणाल्या. "शेठ आले की त्यांना सांगा, तुमचा खोकला अजून गेलेला नाही, औषध बदला. मी फोन धरून थांबते."

ताईंनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. दारातल्या बायका टेबलाजवळ सरकल्या. शेवटी शेठ खो खो हसले. "ताई, तुम्ही काही पिच्छा सोडणार नाही. माणूस पाठवा, चेक लिहून ठेवतो."

पगार झाले. वायरमन हात हलवत परत गेला.

आता साहेब म्हणतात, याला दर्शनी काचेच्या कपाटात ठेवू, शोभेला. मुळीच नाही! मला शोभा नको, वायर हवी. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, पण त्यांच्याकडून कामही घ्या. डोक्यावर कप ठेवू नका. आणि कुणी माझी चौकशी करत आले, तर "बाहेर गेलाय" असे मात्र सांगू नका. मी इथेच आहे.