उत्तराची जागा

फुग्याने गाल फुगवले, डोळे मिटले आणि दातांतून अशी शिट्टी सोडली की मागच्या बाकावरच्या दोघांनी कानांवर हात ठेवले. मग फुस्स, फुस्स. मग पुन्हा शिट्टी.

"कुकर!" सगळा वर्ग एका तोंडाने ओरडला.

"कुकर कसला? आमची आजी घोरते," फुगा म्हणाला आणि हशा पिकला.

"खरं सांग."

"कुकरच, बाई."

गाण्याच्या बाईंनी हसू दाबत त्याच्या नावापुढे गुण मांडले. गळ्याची परीक्षा दरवर्षी होते, कानांची कधी घेणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. म्हणून बाईंनी सातवीच्या परीक्षेला हे नवीन काढलं होतं. प्रत्येकाने आपल्या घरातला एक आवाज तोंडाने काढायचा, तो ठेक्यात बसवायचा, आणि वर्गाने ओळखायचा. वर्गाला ओळखता आला नाही तर गुण नाहीत. नियम बाईंचाच.

सकाळपासून शिलाई मशीन होऊन गेलं, गळका नळ झाला, धाकट्या भावाच्या पाठीत बसलेला धपाटाही झाला. एकेक घर वर्गात येऊन जात होतं, आणि सगळी घरं माणसांनी भरलेली. बाई हसत होत्या आणि मधूनच पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपत होत्या. ही सवय वर्षभरातली. थोरली बहीण होती तोवर बाईंना किल्ली लागत नसे. घंटी वाजवली की आतून "आले, आले" म्हणत ताई यायची.

"मुंगी, ये."

खरं नाव हजेरीपुरतं. आवाज इतका बारीक की सगळे तिला मुंगीच म्हणायचे. गळ्याच्या परीक्षेत तो आवाज पेटीच्या सुरात बुडून गेला होता. आता कानाचे गुणही गेले तर पुढच्या वर्षी तिचं संगीत सुटणार आणि शिवणकामाच्या वर्गात बसावं लागणार. हे बाईंना ठाऊक होतं आणि तिलाही. पहिल्या बाकावरची आपली जागा तिने वर्षभर कुणाला दिली नव्हती.

ती पुढे येऊन उभी राहिली. टाळी दिली.

"खर्र, खट्. खर्र, खट्. कुर्रर्र..." मग श्वास घेऊन, चांगलं मोठ्याने, "आले!"

आणि तिने हात न वाजवता हवेत बाजूला नेला. बाईंनीच शिकवलेली, तालातली 'खाली'. टाळी वाजते, खाली वाजत नाही. पण तीही मोजायची बरं का, असं त्या दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगायच्या. मुंगी तेवढं थांबली. मग जिभेने "टक्" केलं आणि तेच सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

"मुंगीला कंठ फुटला!"

"चोर आहे, बाई. चोर कुलूप उघडतोय."

"चोर 'आले' म्हणून सांगतो काय रे, येड्या?"

"मग पाहुणी असेल."

"पाहुण्यांकडे किल्ली असते होय?"

"बाई, ती मधेच थांबते. ठेका चुकतोय तिचा."

मुंगी आपल्या बुटांकडे बघत राहिली. बाईंची बोटं टेबलावर ठेका धरून होती. मुंगी जिथे थांबली, तिथे बोटंही टेबलावरून उचलली गेली होती. दोन्ही वेळा.

"ठेका नाही चुकला," बाई म्हणाल्या. "ती जागा उत्तराची आहे."

"कुणाच्या उत्तराची?"

बाईंचा हात पर्समधल्या किल्लीकडे गेला. फुगा मात्र उभा राहिला.

"पण बाई, वर्गाने ओळखायला हवं. तुम्ही काही वर्गात नाही. नियम म्हणजे नियम."

"खरंय बाबा तुझं."

बाईंनी पेनला टोपण लावलं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि पहिल्या बाकावर, मुंगीच्या रिकाम्या जागेवर, गुडघे आखडून बसल्या. मग त्यांनी हात वर केला.

मुंगीला काय करावं कळेना. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात वर नव्हता.

"सांगा... बाई."

"कुलूप काढलं. दार उघडलं. 'आले' म्हटलं." बाईंचा हात अजून वरच होता. "घरात कुणी नव्हतं. मग आपला आपणच दिवा लावला."

मुंगीने मान हलवली.

"पण बाई, तुम्हाला कसं कळलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कान आहेत ना मला," बाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

फुगा खाली बसत म्हणाला, "ओळखलं म्हणजे ओळखलं. सुटलीस गं शिवणकामातून."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुंगी आपल्या बाकाशी आली. जागेवर बाई. ती तिथेच उभी राहिली आणि अगदी तिच्या नेहमीच्या आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दार उघडल्यावर तुम्ही काय म्हणता?"

"'आले गं ताई'."

मुंगीने पुढे काही विचारलं नाही. तेवढी एक 'खाली' गेली.

"सरका ना जरा, बाई."

बाई सरकल्या. पुढचं नाव त्यांनी बाकावरूनच पुकारलं.