ठकीच्या डोक्याला तेल

माझ्या घरात मुंडकं राहायला आलं तेव्हा मी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"याचं धड कुठाय?"

"आजी, प्लास्टिकचं आहे. केस तेवढे खरे. सरावाला दिलंय," भिंगरी म्हणाली.

भिंगरी माझी नात, थोरल्याची. तो आणि सून कामासाठी लांब गेले आणि पोरीची शाळा मोडायला नको म्हणून तिला माझ्याकडे ठेवून गेले. शाळेत हल्ली नवी टूम निघाली आहे. निम्मा आठवडा वर्गात बसायचं आणि निम्मा आठवडा एखाद्या कामाच्या उमेदवारीला जायचं. कुणी वायरिंग शिकतं, कुणी सुतारकाम. आमच्या बाईसाहेबांनी पार्लरातलं केस कापायचं काम निवडलं.

"लोकांच्या उवा बघण्यात कसलं आलंय शिक्षण?" मी म्हटलं.

"माझ्या बघायचीस तेव्हा नाही असं बोललीस."

जीभ माझ्यावर गेली आहे. बोलणार कुणाला?

पूर्वी ती रोज सकाळी माझ्या गुडघ्यांत डोकं देऊन बसायची. तेल, कंगवा, दोन वेण्या आणि शेवटी पाठीत एक धपाटा. उमेदवारी लागली आणि थोड्याच दिवसांत ती मानेपर्यंत केस कापून आली. छान दिसत होती. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं कंगवा घेऊन बसले, मग आठवलं. कंगवा फळीवर ठेवून दिला. उगाच जवळ घेणं, कुरवाळणं आमच्या घरात नाही. माणसाचा हात माणसाला लागायला निमित्त लागतं, आणि आमचं निमित्त तेवढंच होतं.

मुंडकं खिडकीच्या कट्ट्यावर बसलं. मी त्याचं नाव ठकी ठेवलं. भिंगरी संध्याकाळी आली की आधी ठकीकडे. केसांचे भाग पाडायचे, चिमटे लावायचे, कंगवा दातांत धरायचा. "मान सरळ," ठकीला सांगायची. "पाणी गरम नाही ना?" असंही विचारायची. बाहुलीला! इकडे माझा चहा पार गारढोण झाला तरी विचारायला कुणी नाही.

"सवत आणलीस गं माझ्या घरात," मी एकदा म्हटलं. ती हसली, पण मान वर न करता.

दुपारी मात्र मी आणि ठकी. समोरची शेजारीण दार लावून झोपते. मुलांचा फोन सुटीच्या दिवशी येतो, 'बरी आहेस ना' विचारतात आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ठेवतात. मग मी ठकीशी बोलायचे. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. 'हे मागं सांगितलंयस' असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

मग परीक्षेचं निघालं. पास झाली तर भिंगरीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या पार्लरात पक्की उमेदवारी मिळणार होती. शाळा तिथेच, राहणंही तिथेच. नापास झाली तर आणखी एक वर्ष माझ्याजवळ. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. आम्ही दोघी हवापाण्यावर बोलायचो.

परीक्षेत ठकीचेच केस कापून दाखवायचे होते. आदल्या दिवशी तिनं ते धुऊन, वाळवून, विंचरून ठेवले आणि कात्र्यांना धार लावून आणायला गेली. "हात लावू नकोस हं आजी," जाताना म्हणाली. तसं ती रोजच म्हणायची.

दुपारी ऊन कट्ट्यावर आलं. ठकीचे केस कोरडे, राठ, झाडूसारखे भुरभुरत होते. अशी भुतासारखी ही परीक्षेला जाणार? माझ्या घरातून? लोक म्हणतील, म्हातारीच्या घरात तेलाचा थेंब नाही. मी वाटीत तेल कोमट केलं. टाळूपासून टोकापर्यंत मुरवलं. दोन वेण्या घातल्या. काय सांगू, हात कसे चालत होते! शेवटी सवयीनं धपाटाही दिला. ठकी कट्ट्यावरून पडली.

भिंगरी आली आणि दारातच थांबली. मग तिनं ठकीला मोरीत नेऊन धुतलं, परत धुतलं. साबण संपला, तेल निघेना. चोळून चोळून गुंते झाले आणि केसांचे झुबके हातात यायला लागले. ती ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. ती हळूच म्हणाली, "मुद्दाम केलंस. मी जाऊ नये म्हणून."

"मुद्दाम करायचं असतं तर कात्री घेतली असती. तेल कशाला वाया घालवू?"

ती हसली नाही. आता ही इथेच राहणार, असं माझ्या मनात आलं आणि चहाचा घोट गोड लागला. मग मी कप खाली ठेवला. पोर ओल्या हातांनी भिंतीकडे बघत बसली होती.

"जिवंत माणूस चालतं का त्या परीक्षेला?"

"चालतं. पण आयत्या वेळी डोकं कोण देणार?"

"मग इथे बसलंय ते काय मडकं आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. माझे केस कमरेपर्यंत. पांढरे झाले, विरळ झाले, पण कात्री कधी लागू दिली नाही.

"आजी, खांद्यापर्यंत कापावे लागतील."

"डोकं परत देणार ना? मग झालं तर. आधी का नाही विचारलंस?"

"तू कुणाला हात लावू देतेस?"

मी फळीवरचा कंगवा काढून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आरशांच्या रांगेत मला बसवलं, गळ्यापर्यंत काळं कापड बांधलं. भिंगरी मागे उभी राहिली. "मान सरळ," ती म्हणाली. "पाणी गरम नाही ना?" अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं. तिची बोटं कानामागून टाळूवर गेली. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटले. कात्री वाजत राहिली, मांडीवर केस पडत राहिले, आणि मला वाटत होतं, पोरीनं जरा सावकाश करावं.

परीक्षक बाई आल्या. दोन्हीकडचे केस बोटांत धरून, ओढून, सारखे आहेत का बघितलं. मग माझ्याकडे वाकल्या. "आजी, खरं सांगा. कुठे ओढलं, टोचलं, त्रास झाला?"

भिंगरी आरशातून माझ्याकडे बघत होती. एक 'हो' म्हटलं की वर्षभर सकाळ-संध्याकाळ घरात माणूस.

"हात हलका आहे तिचा," मी म्हटलं. "लहानपणापासून माझ्या हाताखाली बसलीय. फक्त मला उठवायची घाई करू नका."

भिंगरी पास झाली, आणि गेली. तिला तिकडे नवं मुंडकं मिळालं आहे. ठकी इथेच, जागोजागी टक्कल पडलेली. बोलणं माझंच चालतं.

माझे केस आता खांद्याखाली उतरायला लागले आहेत. परवा समोरची म्हणाली, "माझी सून छान कापते, सारखे करून घ्या."

"माझं माणूस ठरलेलं आहे," मी म्हटलं.

कधी येणार ते भिंगरीनं सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. फक्त रोज सकाळी मागे हात नेऊन बघते, कुठवर आलेत.