तुसाची अक्षरं

चिमाबाईचा सुपावरचा हात खंडाळ्याच्या आसपासच्या वाड्यांत नावाजलेला होता. तिनं सूप हलवलं की दाणा जागचा हलत नसे, तूस तेवढं उडून जाई.

१९२८च्या माघात पुण्याची एक सिनेमा कंपनी घाटावर बंगल्यात उतरली. चित्रं तेव्हा मुकी होती. सुरुवातीला पाटीवर रंगवलेलं सिनेमाचं नाव दाखवलं की काम झालं. दिग्दर्शक दत्तोबांना मात्र ते पसंत नव्हतं. त्यांना नाव वाऱ्यावरून आलेलं हवं होतं. त्यांनी काळ्या कातळावर भाताच्या तुसानं चार अक्षरं मांडली. ती एकेक करून उडवायची आणि कॅमेऱ्याचं हँडल उलटं फिरवायचं. म्हणजे पडद्यावर तूस उडत येऊन अक्षरं जुळताना दिसणार. पण लोहाराचा भाता लावला की चारही अक्षरं एकदम पसार. असं तीनदा झालं.

बंगल्यावर पाणी भरणारी चिमाबाई हंडा टेकवून बघत होती.

"भात्यानं न्हाई व्हायचं. सूप आणा."

"वाचता येतं तुला?" दत्तोबांनी विचारलं.

"न्हाई. आदी कुटलं उडवू तेवढं दावा."

दत्तोबांनी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"सुरवातीला नावं कुणाकुणाची येत्यात?" तिनं विचारलं.

"नटांची, कॅमेरावाल्याची, माझं."

"मग वारा घालनारीचं बी येऊ द्या."

दत्तोबा हसले. चिमाबाई हसली नाही. आणून दिलेलं सूप बगलेत धरून उभी राहिली. शेवटी त्यांनी शेजारच्या कातळावर तिचंही नाव मांडलं.

मग ती वाकली. चौथं अक्षर गेलं, तिसरं हललंसुद्धा नाही. तिसऱ्याची वेलांटी कातळाच्या खाचेत अडकली, तर तिनं न सांगता सुपाचा कोपरा तिरका करून तेवढीच उचलली. कॅमेरावाला हँडल फिरवता फिरवता "वाहवा!" म्हणाला. मग तिनं स्वतःचं नावही तसंच उडवलं.

चैत्रात लोणावळ्याच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागला. चिमाबाई नवऱ्याला, सावळाला, घेऊन गेली. अंधारातून तूस आलं, अक्षरं झाली, आणि लोक ओरडले, "पुन्हा दाखवा!" मग दुसरं नाव जुळलं.

"ह्ये माझं," चिमाबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय?"

"मीच उडवलंय न्हवं? ह्यातली बी ती पयली वाकडी रेघ लय चिवट व्हती."

पुढच्या साली दत्तोबांचा माणूस वाडीवर आला. आता नाव पाण्यावर लिहायचं होतं.

चिमाबाईनं पदर खोचला. "वाहत्या पान्यावर, का साचलेल्या?"