तुर्भ्यात जन्मलेला फॉरेनचा पेडल

मी एक जुना वाह-पेडल आहे आणि मी अजून चालतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला फळीवर पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की मी बिघडलो म्हणून इथे पडलो आहे. तसे काही नाही. मला माझ्याच माणसाने दगा दिला.

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस मला पायाखाली ठेवतो. गिटारची वायर माझ्या पोटातून जाऊन स्पीकरला मिळते. टाच दाबली की आवाज तोंड मिटून बोलल्यासारखा जाडसर होतो, चवडा दाबला की तोच आवाज मोठे तोंड उघडतो. पाय वरखाली होऊ लागला की गिटार माणसासारखी बोलू लागते. एवढेच माझे काम. पण ते ज्याला जमले त्याच्याकडे लोक वळून पाहतात.

माझ्या जन्माच्या आधीची हकीकत मी नंदकिशोरच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती मला पाठ आहे. दिलीप आणि नंदकिशोर आयटीआयमध्ये एका बाकावर बसलेले. पुढे दिलीप एका कंपनीच्या ऑफिसात चिकटला आणि वाशीच्या नव्या इमारतीत राहायला गेला. नंदकिशोर रबाळ्याच्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायचा आणि तुर्भ्याच्या वस्तीत राहायचा. दिलीपला गिटारचे वेड होते. जुनी का होईना, गिटार त्याने मिळवली होती. आता त्याला पेडल हवा होता, आणि त्यासाठी एका रविवारी दोघे मुंबईला वाद्यांच्या दुकानात गेले.

दुकानात तीन पेडल होते. एक परदेशी, काचेच्या कपाटात. दुकानदार म्हणाला, "पाय नाही लावायचा, फॉरेनचा माल आहे." त्याची किंमत ऐकून दिलीपने हात खिशात घातले ते बाहेर काढलेच नाहीत. दुसरा स्वस्तातला, पण इतका चिंचोळा की पाय घसरायचा. तिसरा कुणा हॉटेलातल्या वादकाने विकलेला, दाबला की करकर वाजायचा. दिलीपची नजर काचेवरून हटेना.

"दिल्या, पेडल डोळ्यांनी घेतात काय रे?" नंदकिशोर म्हणाला. "पाय ठेव आणि डोळे मीट. अडकतो का, करकरतो का, तेवढंच बग."

दुकानदाराने करकरणारा पेडल उघडून दाखवला तेव्हा नंदकिशोर त्यात पार वाकला. आत एक तारेची गुंडाळी, थोडे बारीकसारीक भाग आणि रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असते तसली एक कळ. वरची पट्टी हलली की दातेरी पट्टीने ती कळ फिरायची.

"ह्यात काय हाय?" तो बाहेर आल्यावर म्हणाला. "आपण करू. टेन्शन घेऊ नको."

आणि त्याने मला केले. आधी त्याने दिलीपला वर्तमानपत्रावर उभे केले आणि पेन्सिलीने त्याच्या उजव्या पायाभोवती रेघ काढली. त्या रेघेबरहुकूम लाकडाचा नमुना कोरला. तुर्भ्याच्या फाउंड्रीत ओळखीच्या कामगाराने त्यावरून ॲल्युमिनियममध्ये माझे अंग ओतून दिले. दातेरी पट्टी कुठे मिळेना, म्हणून नंदकिशोरने रेडिओचा काटा ज्या दोरीने सरकतो तीच दोरी माझ्या कळीला गुंडाळली. ही त्याची स्वतःची युक्ती, कुठल्याही परदेशी पेडलात ती सापडणार नाही. पाय घसरू नये म्हणून वर कारखान्यातल्या टाकाऊ पट्ट्याचे रबर डकवले. चार रविवार गेले. शेवटी त्याने माझ्या तळावर पंचाने, म्हणजे अक्षरांच्या लोखंडी ठशांनी, एकेक अक्षर ठोकले : नंदकिशोर, तुर्भे, १९८१. झाकण लावण्याआधी त्याने एक चिठ्ठी लिहून माझ्या पोटात चिकटवली. त्या चिठ्ठीबद्दल पुढे सांगतोच.

माझा पहिला कार्यक्रम एप्रिलमध्ये जयंतीला झाला, तुर्भ्याच्या वस्तीतच. दिलीपचा पाय माझ्यावर असा बसला जसा रोजच्या चपलेत बसतो. गाण्याच्या मध्ये त्याने गिटार बोलती केली आणि लोकांनी तोच तुकडा तीनदा वाजवायला लावला. मग दिलीपने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "हे जे ऐकलंत ना, हे मशीन माझ्या दोस्ताने केलंय. नंदू, उभा राहा." नंदकिशोर उभा राहिला नाही, खाली मान घालून हसत बसला. त्याची बायको जयमाला मात्र आजूबाजूच्या बायकांकडे बघत होती, सगळ्यांनी नीट ऐकले ना, याची खात्री करून घेत. मित्रांनो, त्या संध्याकाळी मला वाटले, माझ्याइतका भाग्यवान कुणी नाही. आज ते आठवले की मला दिलीपचा जास्तच राग येतो. तेव्हा त्याला खरे बोलता येत होते.

त्याच वर्षी वाशीच्या एका सोसायटीत गणपतीचा कार्यक्रम होता. तिथे रावसाहेब नावाचे गृहस्थ आले होते. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, गावोगावच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घ्यायचे. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय आहे? फॉरेनचं दिसतंय."

दिलीप जरासा थांबला. मी त्याच्या पायाखालीच होतो, मला ते थांबणे कळले. मग तो म्हणाला, "हो."

एका अक्षराने सुरुवात झाली. त्या काळी फॉरेन म्हटले की साबणाची वडीसुद्धा लोक कपाटात ठेवायचे. रावसाहेबांनी दिलीपला ऑर्केस्ट्रात घेतले आणि दिलीपला वाटले की त्या 'हो'मुळेच घेतले. घरी जाऊन त्याने कानस आणली. मला उलटे केले आणि माझ्या तळावरची अक्षरे घासू लागला. नंदकिशोरने ठोके खोल दिले होते, त्यामुळे बराच वेळ लागला. मग त्याने मला काळा रंग दिला आणि एका मोडक्या टेपरेकॉर्डरवरची 'मेड इन जपान' अशी चकचकीत पट्टी काढून माझ्या कपाळावर चिकटवली.

इथे मला एक कबूल करायला हवे. मला ते आवडले. काळा रंग मला शोभत होता. स्टेजवर चढताना वादक माझ्याकडे वाकून पाहायचे, पट्टी वाचायचे आणि माझ्यावरून ओलांडून जाताना पाय जपून टाकायचे. कुणाला मिरवायला आवडत नाही? म्हणून दग्याची गोष्ट सांगताना मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा म्हणणार नाही.

खोट्याला हातपाय फुटायला वेळ लागत नाही. 'हो'चा पुढे दुबईहून पेडल पाठवणारा चुलतभाऊ झाला. रावसाहेबांनी पोस्टरवर छापले, 'खास दुबईहून मागवलेल्या वाद्यासह'. नंदकिशोर अधूनमधून विचारायचा, "पेडल कसा चाललाय रे? आण एकदा, दोरी बघतो." दिलीप म्हणायचा, "एकदम मस्त चाललाय." पण मला तुर्भ्याला कधी नेले नाही. कार्यक्रम कुठे आहे, हेही तो नंदकिशोरला सांगेनासा झाला.

तरी तीनेक वर्षांनी एकदा नंदकिशोर आला. वाशीतच कार्यक्रम होता, पोस्टर त्याने वाचले होते. जयमालाला घेऊन तो पाचव्या रांगेत बसला. निवेदकाने दुबईचे सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि जयमाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागे आला. त्याने मला उचलले, उलटे केले आणि जिथे त्याचे नाव होते तिथे अंगठा फिरवला. दिलीप घाईघाईने म्हणाला, "अरे, धंद्यात असं सांगावं लागतं. आपल्यात काय आहे त्यात?"

"रंग चांगला बसलाय," नंदकिशोर म्हणाला. त्याने मला होतो तसा खाली ठेवला आणि निघून गेला. मला वाटले होते, तो मला बरोबर नेईल. नेले असते तर बरे झाले असते.

माझी दोरी पुढच्या वर्षी सैल झाली. दोरीच ती, वर्षानुवर्षे पाय सोसते म्हटल्यावर ढिली पडणारच. उरणला कार्यक्रम होता. दिलीपने चवडा दाबला, पण आवाजाचे तोंड उघडेना. त्याने पुन्हा दाबला, मग लाथ मारल्यासारखा दाबला. समोरची पोरे हसू लागली. मी काय करणार? रावसाहेब विंगेत उभे होते. कार्यक्रम संपताच त्यांनी साउंडवाल्याला सांगितले, "खोल तो."

साउंडवाल्याने माझे झाकण काढले. आत जपानचे काही नव्हते. रेडिओची दोरी होती, आणि चिठ्ठी होती. त्याने ती सगळ्या वादकांसमोर मोठ्याने वाचली : "दिल्या, दोरी सैल झाली तर डावीकडचा स्क्रू अर्धा फेरा पिळ. नाही जमलं तर मला हाक मार. नंदू."

मित्रांनो, इतकी वर्षे ती चिठ्ठी माझ्या पोटात होती आणि दिलीपने माझे झाकण एकदाही उघडले नव्हते. तळ घासायला त्याला वेळ होता.

"नंदू कोण?" रावसाहेबांनी विचारले. "मी पोस्टरवर दुबई छापतो. लोकांना तोंड मी दाखवतो. ज्याने हे खोटं सांगितलं तो माझ्या स्टेजवर परत चढणार नाही."

मी दिलीपकडे पाहत होतो. एकदा खरे बोलला असता तर ऑर्केस्ट्रा गेला असता, पण मित्र राहिला असता. दिलीप म्हणाला, "साहेब, मला काय माहीत? नंदूनेच दिला मला. दुबईचा सांगूनच दिला. मलाच फसवलं त्याने."

"मग चल," रावसाहेब म्हणाले, "उद्या त्याच्या तोंडूनच ऐकू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नंदकिशोर दारात स्टुलावर बसून शेजाऱ्याचा पंखा दुरुस्त करत होता. रावसाहेबांनी मला त्याच्यासमोर धरले. "हा पेडल तुम्ही ह्याला दुबईचा सांगून दिला?"

नंदकिशोरने माझ्याकडे पाहिले, मग दिलीपकडे. दिलीप स्वतःच्या बुटांकडे बघत होता. शेजारचे दोघेतिघे दारात आले होते. जयमाला आतून उंबऱ्यापाशी आली होती. नंदकिशोरने एक शब्द खरा बोलायचा होता, बस. मी मनातल्या मनात त्याला सांगत होतो, बोल, बोल.

"हो," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

रावसाहेब त्याला सगळ्या वस्तीसमोर वाटेल ते बोलले. लबाड म्हणाले. मित्राचा गळा कापणारा म्हणाले. नंदकिशोरने मान वर केली नाही आणि दिलीपने तोंड उघडले नाही. मग रावसाहेबांनी मला तिथेच जमिनीवर टाकले. दिलीप त्यांच्यामागून चालू लागला. वळणावर एकदा तरी तो मागे बघेल असे मला वाटले. तो वळला नाही.

"तुमी का खोटं बोललात?" जयमालाने विचारले.

"त्याची गिटार बंद झाली असती."

"आनि तुमचं नाव?"

"नाव त्याने आदीच घासलंय," नंदकिशोर म्हणाला.

मग त्याने पंखा बाजूला ठेवला, मला मांडीवर घेतले आणि डावीकडचा स्क्रू अर्धा फेरा पिळला. दोरी ताठ झाली. एवढेच काम होते. पण त्या घरात गिटार नव्हती.

पुढे ऐकले की दिलीपने खरा परदेशी पेडल घेतला. वाजवतो म्हणे चांगला. मी तुर्भ्याच्या या फळीवर आहे. नंदकिशोरची मुलगी मीना कधीतरी मला खाली काढून वर पाय ठेवून पाहते, पण मी तिला मोठा पडतो. नंदकिशोरलाही मी मोठा पडतो. मला ज्याच्या पायाभोवती रेघ मारून ओतले, त्या एकाच माणसाला मी बसतो. हे माझे नशीब आणि यात माझा काही दोष नाही.

मित्रांनो, वस्तू निवडाल तेव्हा पट्टी वाचून निवडू नका. डोळे मिटा, पाय ठेवा, हाताने चाचपा, मग ठरवा. घरी आणलीत की एकदा झाकण उघडून आत पाहा. करणाऱ्याने काहीतरी सांगून ठेवलेले असते. आणि तळावर कुणाचे नाव असेल तर ते राहू द्या. ते नाव तुमच्या पायाखालीच असते, तुमच्या वाटेत येत नाही.

नंदकिशोरने माझ्यावरची जपानची पट्टी खरवडून काढली. काळा रंगही काढला. नाव मात्र त्याने पुन्हा ठोकले नाही. पण झाकण लावण्याआधी त्याने चिठ्ठी काढून वाचली, घडी सरळ केली आणि होती तिथेच परत चिकटवली. 'नाही जमलं तर मला हाक मार.' वाशीहून तुर्भ्याला यायला एक बस पुरते. दारासमोरून जाणारी पावले मी ओळखतो. दिलीपचा पाय तर मी झोपेतही ओळखेन. अजून तो आलेला नाही.